रेघेपर्यंत भरलेली नळी

प्रयोगशाळेत रोज सकाळी सगळ्यांत आधी एका धडधाकट माणसाचं रक्त लागायचं. रुग्णांचं नंतर. एखाद्याचं रक्त गोठायला किती वेळ घेतं हे तपासायचं, तर निरोगी रक्त किती वेळ घेतं हे त्याच दिवशी, त्याच गोठवणाऱ्या औषधाने, त्याच कोमट पाण्यात आधी बघून घ्यावं लागतं. नाहीतर रुग्णाचा आकडा ठेवायचा कुणाच्या शेजारी? मोठ्या प्रयोगशाळा यासाठी कंपनीची तयार बाटली मागवतात. या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एका अंगाला लिफ्टची मोटर आणि दुसऱ्या अंगाला धुलाईघर अशा खोलीत मात्र जुनीच रीत चालू होती. आपल्यातल्याच कुणीतरी बाही वर करायची.

आणि गेली काही वर्षं ते कुणीतरी म्हणजे घड्याळ.

हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती तिथली तरुण तंत्रज्ञ. तिच्या प्लाझ्मात, म्हणजे नळी गरगर फिरवल्यावर वर येणाऱ्या पिवळसर पाण्यात, औषध टाकलं की बारा सेकंदांनी गोठल्याचा पांढरा दोरा धरायचा. उन्हाळा असो, सर्दी झालेली असो, आदल्या दिवशी नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालेलं असो, बारा म्हणजे बारा. एकदा भिंगबाई स्टॉपवॉच खाली ठेवत म्हणाल्या, "ही बाई आहे की भिंतीवरचं घड्याळ?" तेव्हापासून धुलाईघरातली माणसंसुद्धा तिला घड्याळ म्हणू लागली.

भिंगबाई तिथल्या सगळ्यांत जुन्या. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून त्यांची इतकी वर्षं गेली होती की चष्मा काढला तरी नाकावर चष्म्याच्या खाचा राहायच्या. कडक होत्या, पण कडकपणाला चव होती. कुणी घाईत काच डागाळलेली आणून दिली, की त्या ती उजेडात धरून विचारायच्या, "रक्ताचा डाग कुठला आणि तुझ्या चहाचा कुठला, तेवढं सांगून जा." स्वतःचा संसार त्यांनी मांडला नाही. आई आणि धाकटा भाऊ हाच त्यांचा प्रपंच, आणि त्या प्रपंचात घड्याळ आली तीही या खोलीतूनच.

झालं होतं असं. प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला आणि भिंगबाईंनी भावाला बोलावलं. फ्रीज दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. तासाभराचं काम. पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, गॅस बघायला. तिसऱ्या दिवशी दाराचं रबर बघायला. चौथ्या दिवशी त्याला बघायला काहीच उरलं नाही, तेव्हा तो नुसताच स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा राहिला, आणि समोर काचा धूत असलेली मुलगी पाठ न वळवता म्हणाली, "आता लिफ्टची मोटर राहिलीय, ती पण बघून घ्या." भिंगबाईंनी त्याच संध्याकाळी आईच्या कानावर घातलं. आईला कमी ऐकू येतं, म्हणून चार घरांच्या कानांवर गेलं.

तर अशी ती भिंगबाईंची भावजय झाली. घरी ताई म्हणायची, थट्टेत आली की वन्सं. सकाळी प्रयोगशाळेत बाही वर करून बसली की दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची की बाकीच्या घरांत नणंदा नुसत्याच रक्त पितात, आमच्या निदान मोजून नळीत भरून घेतात. मग म्हणायची, आणा इकडे, तुमची सुई टोचते, आणि सिरिंज घेऊन स्वतःच्या डाव्या हातातून स्वतःच रक्त काढायची. निळ्या टोपणाची नळी असते. तिच्यात गोठू न देणारा द्रव आधीच मोजून घातलेला असतो, आणि काचेवर बारीक रेघ असते. रक्त बरोबर त्या रेघेपर्यंत भरायचं. कमी भरलं, तर द्रव जास्त होतो आणि दोरा उशिरा धरतो. नवशिक्यांचं हटकून चुकतं ते इथेच. घड्याळचं कधी चुकलं नव्हतं. तिच्या प्लाझ्मातला काही भाग ती छोट्या कुप्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायची, सुट्टीच्या दिवशी पाळीवर असणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून. प्रत्येक कुपीवर तारीख, आणि तारखेच्या शेजारी घड्याळाचं चिमुकलं चित्र.

मग एका सकाळी घड्याळ मागे पडलं.

बारा सेकंद झाले. भिंगबाई नळी पाण्यात तिरपी करत होत्या, उचलत होत्या, पुन्हा तिरपी करत होत्या. आतला प्लाझ्मा नुसता पाण्यासारखा इकडून तिकडे वाहत होता. दोरा धरला तो अठराव्या सेकंदाला, तोही लेचापेचा, हात लावला तर तुटेल असा.

अशा वेळी काय करायचं याची भिंगबाईंच्या डोक्यात उतरंड ठरलेली होती. पहिला संशय औषधावर. त्यांनी नवा डबा फोडला. पुन्हा उशीर. दुसरा पाण्यावर. थर्मामीटर घातलं, पारा जिथे असायला हवा तिथेच होता. मग स्टॉपवॉचवर. मग पिपेटवर, मग काल डबा बाहेर विसरणाऱ्या माणसावर, ज्याने डबा बाहेर ठेवलाच नव्हता. रक्तावर संशय घ्यायची पायरी त्या उतरंडीत नव्हती. ते मापाचं रक्त होतं. सगळं त्याच्यावरून मोजायचं, त्यालाच कोण मोजणार?

बाहेर खिडकीशी रांग वाढत होती. शेवटी भिंगबाईंनी स्वतःची बाही वर केली, स्वतःचं रक्त काढायला लावलं, फिरवलं, पाण्यात धरलं. तेरा सेकंद. अगदी छान. म्हणजे औषध ठीक, पाणी ठीक, स्टॉपवॉच ठीक; चुकली ती नळी. नळी कमी भरली गेली असणार, त्याशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. त्या चारचौघांत बोलल्या. फार नाही, पण बोलल्या. इतकी वर्षं काढलीस आणि रेघ दिसत नाही का, असं काहीसं. वर म्हणाल्या, "घरात माझी भावजय, इथे नाही. कळलं?"

ती काहीतरी म्हणणार होती. ओठ उघडलेही. पण रांगेतल्या पहिल्या माणसाने खिडकीवर टकटक केली, आणि ती "बरं" म्हणून उठली. कोपराच्या आत लावलेला कापूस तिने बदलला, कारण पहिला पूर्ण भिजला होता. तो बदलताना तिला कुणी बघितलं नाही. तोवर नळी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून भिंगबाईंचंच रक्त माप झालं. कुणी विचारलं, की त्या म्हणायच्या, घड्याळ दुरुस्तीला टाकलंय. घड्याळही हसायची. तो आठवडा तसाच गेला. ती जिन्यात मधल्या पायरीवर बसून मग वर यायची. तिने नवऱ्याला मऊ दातांचा ब्रश आणायला सांगितला, कारण चूळ गुलाबी यायची. भर उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागली. हे सगळं एकाच घरात, एकाच छताखाली चाललं होतं. भिंगबाई दिवसभर काचेवर परक्यांचं रक्त वाचायच्या आणि घरी आल्या की डोळ्यांना सुट्टी द्यायच्या. घरच्या माणसांकडे बघायचं ते सवयीने. त्यात नवं काही दिसत नाही.

रविवारी दुपारी भिंगबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. आई हळूच शेजारी येऊन टेकली. तिने इकडेतिकडे पाहिलं, तोंड मुलीच्या कानाशी नेलं, आणि स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात कुजबुजली.

"तुझा भाऊ हिच्यावर हात टाकतो का गं?"

वाटाण्याची शेंग भिंगबाईंच्या हातात तशीच राहिली. दारात भाऊ उभा होता, एका हातात कसलासा पंखा उघडलेला. त्याच्या मागे घड्याळ. सगळ्या घराने ऐकलं होतं. आईला वाटलं कुणीच ऐकलं नाही, म्हणून तिने पुढचंही सांगून टाकलं: अंघोळीनंतर पाहिलं, दंडावर काळानिळा डाग, पाठीवर आणखी एक, आणि पोरगी काही बोलत नाही, माझा मुलगा आहे म्हणून मी पाठीशी घालणार नाही, सांगून ठेवते.

आधी घड्याळलाच हसू फुटलं. भिंतीला टेकून ती हसली. "आई, तो स्क्रूवर सुद्धा जोर लावत नाही हो," ती मोठ्याने म्हणाली. भाऊ लालबुंद झाला होता. पंखा कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मग तोही हसला. आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

भिंगबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले.

"बाही वर कर."

"अहो वन्सं, कुठेतरी आपटलं असेल."

"वर कर."

कोपराच्या आतला डाग तळहाताएवढा होता. मध्ये जांभळा, कडेला हिरवट, आणि अजून पसरत असलेला. त्या सकाळची सुई, तिला आता कितीतरी दिवस झाले होते. खाली मनगटाकडे आणखी दोन. भिंगबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसल्या आणि तिची पावलं मांडीवर घेतली. घोट्यांवर बारीक लाल ठिपके होते, सुईच्या टोकाने शाई टेकवत जावी तसे. बोटाने दाबले तरी ते विरत नव्हते. खोलीत आता कुणीच हसत नव्हतं. कमी भरलेली नळी, लेचापेचा दोरा, पिवळी पिशवी: सगळं एकदम भिंगबाईंच्या समोर येऊन उभं राहिलं आणि हलेना.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "खाली जाऊन येऊ." घरातली माणसं प्रयोगशाळेला खाली म्हणायची. रुग्णालय रस्त्यापलीकडेच होतं.

रविवारच्या पाळीवरचा माणूस एक्स-रेवाल्यांकडे गप्पा मारायला गेलेला. लिफ्टची मोटर अधूनमधून गुरगुरत होती. भिंगबाईंनी बोटाला टोचलं, थेंब काचेच्या टोकाशी घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने एका दमात ओढला. जिभेच्या आकाराची पातळ साय पसरली. हाताला सगळं ठाऊक असतं, त्याला घरचं-बाहेरचं कळत नाही. टोचलेल्या बोटातून रक्त येतच राहिलं. घड्याळ दुसऱ्या हाताने ते दाबून स्टुलावर बसली. काच वाळली, रंग ओतला, पाणी घातलं, थांबल्या, धुतलं, उभी करून निथळू दिली. या सगळ्याला जो वेळ लागतो तो लागलाच. तेवढ्या वेळात दोघी एकच विषय बोलल्या, की आईच्या खोलीत नवीन पंखा बसवायला हवा.

पहिल्यांदा भिंगबाईंना बरं वाटलं. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींची झुंबड उडालेली असते; इथे तर त्या नेहमीपेक्षाही कमी होत्या. मोकळं मैदान. त्यांनी श्वास सोडला. मग प्लेटलेट शोधू लागल्या, जखम बुजवणारे ते जांभळे कण. भिंगातून दिसणाऱ्या एका घेऱ्यात मूठभर दिसावेत. चार घेरे सरकवले तेव्हा एक दिसला. त्यांनी तेलाचा थेंब टाकला आणि काच सायीच्या निमुळत्या शेपटीकडे सरकवायला घेतली. हळू. अजून हळू.

आणि ती पेशी आली.

नको एवढी मोठी. मधलं केंद्र मध्येच आवळलेलं, दोन पाकळ्यांसारखं. बाकी अंगभर लालजांभळी रवाळ पूड, इतकी दाट की केंद्राची कड दिसेना. आणि त्या पुडीत काड्या, बारीक, लालसर, एकीवर एक पडलेल्या, जळणाची मोळी बांधावी तशा. शिकवताना भिंगबाई स्वतः हाच शब्द वापरायच्या. एक काडी दिसली तर सावध व्हा, मोळी दिसली तर पळत डॉक्टरांकडे जा. कारण रक्ताच्या कर्करोगाचा हा प्रकार वेगळा. या पेशींमधली ही पूड रक्तात सुटते, ठिकठिकाणी उगाचच गुठळ्या करवते, आणि गोठायला लागणारा सगळा ऐवज त्यात संपवून टाकते. मग जिथे खरोखर गोठायला हवं तिथे काही उरत नाही. माणूस कर्करोगाने जायच्या आधी रक्तस्रावाने जातो. दोरा आधी उशिरा धरतो. मग धरत नाही.

शेजारी आणखी एक होती. पलीकडे आणखी.

"ताई, बघू."

"रंग नीट चढला नाहीये," भिंगबाई डोळा न काढता म्हणाल्या. "दुसरी काच करते."

"चढलाय की. इथून दिसतोय." ती उठली. "सरका."

भिंगबाई सरकल्या. तिने खुर्ची आपल्या उंचीची करून घेतली, नेहमीसारखी, आणि दाबलेलं बोट तसंच बाजूला धरून दुसऱ्या हाताने बारीक चकती फिरवली. बराच वेळ बघितलं. काच थोडी सरकवून पुढचंही बघितलं, कुणा दुसऱ्याच्या काचेचं काम पूर्ण करावं तसं.

"मोळी आहे," ती म्हणाली.

बाहेर लिफ्ट थांबली. कुणीतरी उतरून गेलं. तिने डोळा भिंगावरच ठेवला होता.

"ताई, त्या दिवशी नळी मी रेघेपर्यंत भरली होती."

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. आपलं काम आपण नीट केलं होतं, एवढं एक तिला कुठेतरी नोंदवून ठेवायचं होतं. भिंगबाईंनी कपाटातून कापूस काढला आणि तिच्या बोटावर दाबून धरला, आणि रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाई घरच्या कपड्यांतच आल्या. काच बघितली, दुसरी बनवून घेतली, तीही बघितली, आणि कुणाची वाट न बघता कामाला लागल्या. हाडातल्या मगजाची तपासणी उद्या. औषध आत्ता, या घटकेला. जीवनसत्त्वाच्या कुळातल्या गोळ्या असतात, त्या या पेशींना ताळ्यावर आणतात. रुग्णालयाच्या औषधांच्या दुकानात नव्हत्या. दुसऱ्या रुग्णालयातून आणवल्या, सूर्य मावळायच्या आत पहिली गोळी घड्याळच्या पोटात गेली. वरच्या मजल्यावर तिला खाट मिळाली, खिडकीजवळची. दात्यांच्या प्लाझ्माच्या पिशव्या लागल्या, प्लेटलेटच्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी भावाला बाकावर बसवून नीट समजावलं. हा प्रकार सगळ्यांत वाईट, आणि नीट पार पडला तर सगळ्यांत चांगलाही. सुरुवातीचे दिवस निघाले, की यातले बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. तेवढे दिवस निघायला हवेत.

भावाने ते 'बहुतेक' उचललं आणि खिशात ठेवलं. आईला जाऊन सांगितलं, ती आजूबाजूला सांगून आली. भिंगबाईंकडे उरले ते सुरुवातीचे दिवस. त्यांतले किती आधीच खर्ची पडले होते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिच्या नळ्या आता वरून खाली यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्या कुणाला करू द्या. भिंगबाईंनी ऐकलं नाही. पिशव्या लागल्यानंतर आकडा जरा खाली आला, दोरा जरा घट्ट धरू लागला, आणि त्या धावत वर गेल्या. घड्याळ उशीला टेकून बसली होती. डोळ्याच्या पांढऱ्यात एक लाल डाग आला होता.

"घड्याळात किती वाजले?" तिने विचारलं.

भिंगबाईंनी खरा आकडा सांगितला. तिच्याशी खोटं बोलून उपयोग नव्हता. ती आकड्यावरून सगळं वाचायची.

"म्हणजे अजून मागेच," ती म्हणाली. "पण चालू आहे." मग नवऱ्याकडे बघून: "याला घरी पाठवा हो. पाळीवरच्या नर्स म्हणतात, हा खाटेचे स्क्रू आवळत बसतो."

तो खरंच आवळत होता. करकरणारी खाट त्याने गप्प केली होती, शेजारच्या दोन खाटाही.

त्यानंतरच्या सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. पाठोपाठ नळी आली. भिंगबाईंनी ती उजेडात धरली. रक्त बरोबर रेघेला टेकलं होतं. फिरवलं, वरचं पाणी घेतलं, औषध टाकलं, बटण दाबलं आणि नळी तिरपी करू लागल्या. उचलायची, तिरपी करायची. उचलायची, तिरपी करायची. रुग्णांची खिडकी बंद होती, पण दार उघडं होतं, आणि दारात भाऊ येऊन उभा राहिला. वरून त्याला बाहेर काढलं होतं. खाटेभोवती डॉक्टर जमले होते.

"ताई, किती वेळ लागतो याला?"

"लागतो."

तो थांबला. नळीतलं पाणी स्वच्छ होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. स्टॉपवॉचचा काटा पूर्ण फेरा घालून पुन्हा वर आला. भिंगबाईंनी हात थांबवला नाही. नियमाप्रमाणे केव्हाच थांबायला हवं होतं, आणि कागदावर एकच शब्द लिहायला हवा होता: गोठत नाही. पण हात थांबवला तर तो शब्द खरा होणार होता.

नळी तिरपी करत करतच त्या त्याच्याशी बोलल्या. त्या सकाळचं सगळं सांगितलं. अठरा सेकंद, नवा डबा, थर्मामीटर, स्वतःचं रक्त, पिवळी पिशवी. रंग लावून एक काच तेव्हाच बघितली असती तर कदाचित दिसलं असतं, हेही. एकही शब्द कमी केला नाही.

तो ऐकत होता. त्याची नजर फ्रीजवर होती, त्यानेच दुरुस्त केलेल्या.

"फ्रीज बंद पडला की आम्ही पण आधी प्लगच बघतो," तो शेवटी म्हणाला.

त्याने दोष दिला असता तर भिंगबाईंना तो घेता आला असता. हे त्यांना घेताही येईना आणि खाली ठेवताही येईना. त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं.

दुपारी ती शुद्धीवर नव्हती. संध्याकाळ व्हायच्या आधी ती गेली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. गोळ्यांची अर्धी पट्टी उशाशी तशीच होती. आई जिन्यात मधल्या पायरीवर बसली होती, आणि जो वर जाईल त्याला विचारत होती की माझ्या सुनेला घरी कधी सोडणार. तिला दोनदा सांगून झालं होतं. ऐकू आलं नाही, असं ती म्हणत होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यानंतर कंपनीची तयार बाटली मागवायला सुरुवात केली. आता सकाळी कुणाला बाही वर करावी लागत नाही. आकडा कधी वेडावाकडा आला, की भिंगबाई नळी परत पाठवत नाहीत; स्वतः जिना चढून जातात आणि त्या माणसाचे हात-पाय बघून येतात. बहुतेक वेळा नळीच कमी भरलेली असते. सगळे म्हणतात, बाई आता थकल्या, उगाच खालीवर करतात.

पाऊस संपता संपता फ्रीझर खडखडू लागला. भावाला बोलावणं भाग पडलं. तो आला, आतलं सगळं बाहेर काढून टेबलावर मांडू लागला, आणि तळाशी, बर्फात रुतलेला एक डबा त्याच्या हाताला लागला. आत छोट्या कुप्या. त्याने एक बोटांत धरून अंगठ्याने वरचं दव पुसलं. तारीख, आणि शेजारी घड्याळाचं चिमुकलं चित्र.

त्याने भिंगबाईंकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, डबा केव्हाच फेकला गेला असेल. फेकायचं त्यांचंच काम होतं.

"हे तिचं?"

"हो. आजारी पडायच्या आधीचं."

"अजून चालेल?"

भिंगबाईंनी कुपी घेतली, कोमट पाण्यात धरली. बर्फ सुटला, आतलं पिवळसर पाणी हललं. त्यांनी ते नळीत घेतलं, औषध टाकलं, बटण दाबलं. तो शेजारी येऊन वाकला. नळी तिरपी झाली, सरळ झाली, तिरपी झाली. मग पाणी एकाएकी अडलं. आतून कुणीतरी धरल्यासारखं थांबलं, आणि मध्ये पांढरा बारीक दोरा दिसला, घट्ट, चांगला.

"बारा," भिंगबाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. मग तो मागे वळला, फ्रीझरचा मागचा पत्रा उघडला, सैल झालेला पंखा आवळला. इतका जोर लावून त्याने कधी काही आवळलं नसेल. मग उरलेल्या कुप्यांचा डबा त्याने सगळ्यांत आत, सगळ्यांत गार जागी ठेवला, दार लावलं, आणि रबरावरून चारही बाजूंनी बोट फिरवून कुठे फट नाही ना ते बघितलं.

"आता नाही बिघडायचं," तो म्हणाला.

बर्फात ठेवलं तरी ते कायम टिकत नाही, हे भिंगबाईंनी त्याला सांगितलं नाही.